शेणाचं पान आम्ही गाळलं, अण्णा

अण्णा, अन्याय तुमच्यावर झाला. मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, येलहंक्याच्या पुढच्या एका अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये. त्या मिनिटाला तुम्ही आमचं नवंकोरं पत्रक हातात घेतलंत आणि तुमच्या नावावर छापलेलं, तुम्ही जन्मात न म्हटलेलं वाक्य वाचलंत : ‘गुरांच्या चराईमुळे माळावरच्या गवतातलं सत्त्व नष्ट होत आहे. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे.’

तुमच्या तपासणीत याच्या उलट आलं होतं. आमच्या माळ वाचवा समितीला ते माहीत होतं. मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं, कारण ते वाक्य मी लिहिलं.

परवा तुमचं दहावं झालं. काल त्याच क्लबहाऊसमध्ये शोकसभा झाली. आमच्या सेक्रेटरींनी तुम्हाला चळवळीचा वैज्ञानिक आधारस्तंभ म्हटलं, फोटोला चंदनाचा हार घातला, आणि नंतर सगळ्यांनी इडली-वडा खाल्ला. मी मध्येच उठून बाहेर आले. बाहेर येण्यात काही शौर्य नाही. बोलायला हवं होतं, नाही बोलले. म्हणून आता लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, ‘पत्रकबाई, माणूस गेल्यावर बरं सुचतं की तुला.’ म्हणा. खरं आहे ते.

पत्रकबाई हे नाव तुम्हीच ठेवलंत, पहिल्याच भेटीत. मी पुण्याहून नोकरीला आलेली, दोन वर्षांत नोकरी सोडून माळ वाचवायला निघालेली. तुम्ही के. आर. पुरमचे. घराणं इथं कितीतरी पिढ्यांपासून, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दारात उभे असलात की दोन्हीची खिचडी. बोम्मसंद्र्याच्या एका पशुखाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी. पेंड, कोंडा, मका यांत प्रथिनं किती, एवढंच आयुष्यभर तपासलंत. मी तुम्हाला समितीचं पत्रक दिलं. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत आणि विचारलंत,

‘सत्त्व म्हणजे काय ग?’

‘म्हणजे... पोषण. अन्नद्रव्यं.’

‘मग तसं लिही की. नायट्रोजन म्हण, स्फुरद म्हण. सत्त्व देवळात असतं. माझ्या बाटलीत सापडत नाही.’

मला राग आला होता. मला वाटलं, आले एक शंकेखोर काका. दुसऱ्या रविवारी तुम्ही स्वतःहून माळावर आलात, डोक्याला मफलर, हातात खाकी कागदी पिशव्यांचं बंडल.

माळाची स्थिती तेव्हा अशी होती. आमच्या मागणीवरून एका तुकड्याला कुंपण घातलं गेलं होतं. आत गुरं नाहीत, बाहेर गुरं. आतलं गवत कमरेएवढं, वाऱ्यावर डोलणारं, फोटोला एकदम सुंदर. बाहेरचं घोट्याएवढं, खुरटलेलं. दोन फोटो शेजारी ठेवले की भाषणाची गरजच नव्हती. आम्ही ते दोन फोटो सगळ्या येलहंक्यात वाटले. ‘फरक तुम्हीच पाहा,’ असं खाली लिहिलं होतं. तेही माझंच.

तुमच्यासाठी नमुने गोळा करायला समितीची मुलं विळे घेऊन आली होती. त्यांनी दोन्हीकडचं गवत मुळापासून कापलं, जुड्या बांधल्या, नावं लिहिली. किती शिस्तीत! तुम्ही जुडी उचललीत, वास घेतलात आणि खाली ठेवलीत.

‘हे मी तपासणार नाही.’

‘का अण्णा?’

‘गाय काय विळा घेऊन जेवायला बसते? ती शेंडा खाते, पान खाते. काडी सोडते. तुम्ही मला अख्खं झाड दिलंत. तिच्या ताटात काय पडतं ते मला पाहिजे.’

आणि मग तुम्ही आम्हाला गायीच्या मागं चालायला लावलंत. मुनियम्माची तुंगा नावाची पांढरी गाय. मुनियम्मा तिथल्याच वस्तीतली, सात गायी, दूध घरोघरी घालणारी. तिला तुम्ही कन्नडमध्ये काय समजावलंत कोण जाणे, ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. तुमची पद्धत अशी : तुंगा ज्या बुंध्याला तोंड लावेल त्याच बुंध्याजवळ वाकायचं, तिनं जेवढं तोडलं तेवढंच बोटांच्या चिमटीत धरून तोडायचं, पिशवीत टाकायचं, पुढं जायचं. तिच्या वेगानं. ती थांबली की थांबायचं. कारखान्यात कोणीतरी जुन्या माणसानं तुम्हाला ती शिकवली होती. एक सॉफ्टवेअर इंजिनीयर, एक बँकेतली बाई आणि मी, असे तिघं ओणवे होऊन एका गायीच्या मागं तासभर चाललो. मुनियम्मा बांधावर बसून ओरडत होती, ‘अण्णा, तुमच्या नव्या गायी लई सावकाश चरतात!’

दुपारी तुम्ही कुंपणाचं फाटक उघडून तुंगाला आत घेतलंत. मी अडवलं. हा आमचा जपलेला तुकडा होता. तुम्ही म्हणालात, ‘स्वल्प थांब. दहा मिनिटं. तिला विचारू की.’

तुंगा आत गेली. कमरेएवढ्या गवतात उभी राहिली. हुंगलं. एक काडी तोंडात घेतली, सोडली. कडेकडेनं चालत फाटकाजवळ आली, जिथं थोडं खुरटं होतं तिथं दोन घास खाल्ले आणि बाहेर बघत उभी राहिली. आमच्या फोटोतल्या गवताकडे तिनं पाठ केली, अण्णा. बँकेतली बाई म्हणाली, ‘पोट भरलं असेल तिचं.’ तुम्ही त्या उंच गवतात हात घालून खालचा थर दाखवलात : मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या, तशाच उभ्या, करड्या, हात लावला की मोडणाऱ्या. ‘जमिनीतून वर घेतलं ते अजून वरच लटकलंय,’ तुम्ही म्हणालात. ‘खाली परत गेलं नाही. नव्या पानाला उन्हाची वाट नाही.’

त्या दिवशी तुम्ही मला शेणाचा पो उलटा करून दाखवलात. वाळलेला वरून, खाली ओल, ओलीत काळे किडे, किड्यांनी मातीत नेलेली भोकं. आणि जुन्या पोभोवती गडद हिरव्या गवताचं वर्तुळ. आजूबाजूचं सगळं पिवळट आणि मध्ये ही हिरवी रिंगणं, पन्नास पावलांवरून दिसणारी. मी तीन वर्षं त्या माळावर चालत होते, मला ती कधी दिसली नव्हती. ‘या वेळी गाय इथं तोंड लावणार नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘आपल्याच घाणीशेजारी कोण जेवेल? पण पुढच्या खेपेला बघ, सगळ्यांत आधी इथंच येईल.’ अण्णा, मला शाळेत, कॉलेजात, शिबिरांत लोकांनी खूप शिकवलं. एवढं सोपं आणि एवढं मोठं कुणी शिकवलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दोन हंगाम तुम्ही नमुने तपासलेत. कारखान्याचा मालक म्हणाला, रविवारी करा, ॲसिड तुमचं तुम्ही आणा. तुम्ही आणलंत. मी एकदा सोबत आले होते. गवताची भुकटी ॲसिडमध्ये काळीकुट्ट होते, मग तासन्‌तास उकळत स्वच्छ होत जाते. तोपर्यंत तुम्ही मला खिडकीजवळ बसवून ठेवलंत, वास नको म्हणून. स्वतः मात्र तिथंच उभे.

आणि मग तुमची ती तीन पानं. सुवाच्य, निळ्या शाईत, मराठीत, खास माझ्यासाठी. पहिल्या पानावर : कुंपणाबाहेर, जिथं गुरं चरतात आणि मग काही आठवडे फिरकत नाहीत, तिथल्या कोवळ्या पानात नायट्रोजन जास्त; कुंपणातल्या उंच गवतात कमी, काडी आणि चोथा जास्त. दुसऱ्या पानावर तुमच्या शंका : हे एका माळावरचं, दोन हंगामांचं आहे, साऱ्या जगाला लावू नये, पाऊस पडल्या पडल्या गुरं सोडली किंवा फार गुरं सोडली तर माळ उघडा पडतो, तेही खरं. तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध एक अख्खं पान लिहिलंत. आमच्या समितीत असं करणाऱ्याला वेडा म्हणतात.

आणि तिसरं पान. शेणाचं.

माळाची तळ्याकडची बाजू. तिथंही गुरं चरतात, पण तिथं रस्ता आहे. रोज सकाळी ट्रॅक्टर येतो, माणसं घमेली घेऊन उतरतात, पो न् पो उचलतात. तिथलं गवत सगळ्यांत गरीब निघालं. पान पिवळं, नायट्रोजन कमी, स्फुरद कमी. चराई दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की एकीकडे शेण पडून राहतं, दुसरीकडे उचललं जातं. तुम्ही खाली एक ओळ लिहिली होती, अधोरेखित : ‘गाय चोर नाही, हमाल आहे. इथलं उचलून तिथं टाकते. माळाबाहेर नेतो तो ट्रॅक्टर.’

ते शेण जातं कुठं? वाळवून, चाळून, पिशवीत भरून, पिशवीवर गायीचं चित्र छापून आमच्याकडे येतं. आमच्या अपार्टमेंटांच्या लॉनवर. आमच्या गच्चीवरच्या टोमॅटोंना. माळ वाचवा समितीच्या निम्म्या सभासदांच्या बाल्कनीत ती पिशवी आहे.

तुमची पानं मी समितीपुढे ठेवली, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवा. सेक्रेटरी वाचून म्हणाले, ‘अभ्यास छान आहे. पण शेणाचं काढू नका. लोकांच्या बागा आहेत. उगाच आपल्याच माणसांना दुखवायचं?’ आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मजकूर मी लिहिते. तेव्हा मी ते वाक्य बोलले, जे मी प्रत्येक शिबिरात शिकवते : ‘एका पत्रकात एकच मुद्दा.’

शेणाचं पान असं गेलं. मग शंकांचं पान गेलं, कारण शंका छापल्या की लोक सही करत नाहीत. मग पहिलं पान उरलं, आणि ते एकटं आमच्या मागणीच्या विरुद्ध जात होतं. आमची मागणी होती, सगळ्या माळाला कायमचं कुंपण. मग आम्ही तुमचं नाव ठेवलं आणि बाकीचं काढलं. मी मनाला सांगितलं, आधी माळ त्यावर डोळा ठेवून असलेल्या बिल्डरपासून वाचू दे, मग बारकावे बघू. अण्णा, मुनियम्माच्या सात गायी हा माझ्या लेखी बारकावा होता.

आपला वाद हाच होता ना? शेवटपर्यंत मिटला नाही. ‘खरं दोन ओळींत मावत नसेल तर कागद मोठा घे की,’ तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, मोठा कागद कोणी वाचत नाही. तुम्ही म्हणायचात, ‘तू देऊन बघितलास?’ नव्हता देऊन बघितला. तरी अजूनही मला वाटतं तुम्ही अर्धेच बरोबर होतात. तीन पानांवर मोर्चे निघत नाहीत, अण्णा. पण खोट्या दोन ओळींवर निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या मोर्च्याच्या पुढं मीच होते.

त्या रविवारी तुम्ही पत्रक वाचलंत. दोनदा वाचलंत. मग अगदी हळू विचारलंत, ‘हे माझं नाव आहे की?’ तुम्ही खिशातलं पेन काढलंत, टेबलावरचा गठ्ठा पुढं ओढलात, खुर्चीत बसलात आणि एकेका पत्रकावरचं स्वतःचं नाव खोडायला लागलात. एक. दुसरं. तिसरं. फटकन नाही, पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ. कुणी तरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘अण्णा, हजारो छापलीत, किती खोडाल?’ तुम्ही म्हणालात, ‘बसतो की. मला काय काम आहे?’ मग त्यांनी गठ्ठा उचलून नेला. तुमच्या हाताखालून. पेनाची रेघ टेबलावर उमटली.

मी दाराजवळ उभी होते. माझ्या हातातही गठ्ठा होता, दारोदार वाटायचा. मी तो ठेवायला हवा होता. मी त्या दिवशी तो वाटला.

मला तुमचाही राग येतो. तुम्ही का ओरडला नाहीत? बाहेर लॉनशेजारी त्या पिशव्यांची थप्पी होती. एक आत आणून टेबलावर का आपटली नाहीत? संध्याकाळी मी माफीचा लांबलचक मेसेज पाठवला, त्यावर तुमचं एका शब्दाचं उत्तर : ‘सरी.’ सरी म्हणजे ठीक आहे. काय ठीक होतं? मला शिव्या द्यायला हव्या होत्या तुम्ही. तुमच्या त्या सभ्यपणानं आमचं फार सोपं केलं. तुम्ही गप्प, म्हणून आम्ही निवांत.

मुनियम्मा गप्प नव्हती. माळाच्या फाटकावरच्या रखवालदारानं तिला पत्रक वाचून दाखवलं, तुमच्या नावासकट. नंतरच्या आठवड्यात तालुका कचेरीतून तात्पुरता आदेश आला आणि गायी आत सोडणं बंद झालं. तुम्ही तिला समजवायला गेलात. सोबत मी होते, पण चार पावलं मागं, लपल्यासारखी. ती तुमच्याशी कन्नडमध्ये बोलली, मला एवढंच कळलं : ‘माझ्या गायीच्या मागं पिशवी घेऊन चाललात ते याच्यासाठी?’ तुम्ही मागं वळून माझ्याकडे बोट दाखवू शकत होतात. नाही दाखवलंत. परतीच्या बसमध्ये फक्त म्हणालात, ‘दोन गायी विकल्या तिनं. तुंगा गेली.’ मग खिडकीबाहेर बघत राहिलात, थेट के. आर. पुरमपर्यंत.

तुमचं हृदय आधीपासून कमजोर होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आमच्यामुळे गेलात असं मी लिहिणार नाही. ते पुन्हा एक पत्रकी वाक्य होईल. पण खोट्याला जोडलेलं नाव घेऊन गेलात, हे आमच्यामुळे. ते मी लिहीन.

दहाव्याला मुनियम्मा आली होती. आत आली नाही, पायरीजवळ उभी राहिली. मी जाऊन सांगितलं, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये : ते वाक्य अण्णांचं नव्हतं, माझं होतं. मला वाटलं रडेल, किंवा मारेल. ती म्हणाली, ‘मग मला कशाला सांगतेस? मला माळ बंद करता येतो का, उघडता येतो का? ज्यांना सांगून बंद केलास त्यांना सांग.’ आणि निघून गेली. चहाही घेतला नाही तिनं.

तर अण्णा, आता जरा बाजूला व्हा. मला यांच्याशी बोलायचं आहे.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला. येलहंका आणि आसपासच्या अपार्टमेंटांतले मराठी वाचक तुम्ही. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ते पत्रक मीच टाकलं होतं, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खालच्या अर्जावर सही केली आहे. त्या सह्यांवर माळाला कायमचं कुंपण पडणार आहे. सुनावणी येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता, तालुका कचेरीत आहे. अण्णांची तिन्ही पानं मी या लेखासोबत जशीच्या तशी जोडली आहेत. आधी ती वाचा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी एकदा फसवलं आहे.

मग आपली सही मागे घ्या. लेखी. ‘चुकीच्या माहितीवर केलेली माझी सही मी मागे घेत आहे. गुरांना पाळीपाळीनं माळावर येऊ द्या, मधल्या काळात माळाला विश्रांती द्या, शेण माळावरून उचलणं बंद करा,’ एवढं हातानं लिहा, खाली नाव घाला, आणि गुरुवारी दहाच्या आधी स्वतः नेऊन द्या. फॉरवर्ड करू नका, या. आणि येताना तुमच्या खताच्या पिशवीवाल्याला एक प्रश्न विचारून या : हे शेण कुठल्या माळावरचं?